समुद्रातून परत आलेला

माझ्या जिभेला हाड नाही. आमच्या सन्नपालेमात कुणालाही विचारा, हेच सांगेल. मी सुकी मासळी विकते. टोपलीतली वाकटी जुनी असली तर गिऱ्हाईकानं वास घेण्याआधी मीच ते सांगून मोकळी होते. नवरा होता तोवर म्हणायचा, "एर्रम्मा, तू बाजारात धंद्याला बसतेस की साक्षीला?" आता तो नाही, पण सवय तशीच राहिली. खोटं मला बोलता येत नाही आणि दुसऱ्याचं खपत नाही.

दसऱ्याच्या तोंडावर जे तुफान आलं, त्यात आमच्या गावची एक होडी गेली. होडीत पाच जण होते. सरकारी इशारा आला तोवर ते लांब निघून गेले होते आणि तिथं फोन लागत नव्हता. तुफान उतरल्यावर आमची छपरं शेजारच्या गावात सापडली, माडांचे शेंडे विहिरीत सापडले, होडीचं मात्र फळकूटसुद्धा लागलं नाही. माणसं गेली म्हणावं तर प्रेत नाही. शिवाय आमच्या किनाऱ्यावर पूर्वी असं झालेलं आहे, की वाहत गेलेली माणसं पलीकडच्या देशाला लागली, तिथल्या तुरुंगात पडली आणि वर्षभरानं दाढ्या वाढवून बसमधून उतरली. त्यामुळं कुणीच आपल्या माणसाला 'गेला' म्हणेना. पाच घरांनी मिळून बस स्टँडवर मोठा फ्लेक्स लावला. त्यावर पाचांचे फोटो, नावं, आईबापांची नावं, गाव आणि दिसल्यास कळवा म्हणून फोन नंबर.

त्या पाचांत माझ्या शेजारच्या पैडम्माचा मुलगा दानय्या होता.

पैडम्मा आणि दानय्या राहायचे एकाच अंगणात, पण दोन वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. म्हणजे त्याचं नव्हतं, ती बिचारी बोलायची. पैडम्मानं नवऱ्याची जुनी होडी दानय्याला न विचारता विकली आणि धाकट्या मुलीचं लग्न उरकलं, एवढंच कारण. स्थळ चांगलं होतं, थांबायला तयार नव्हतं, आणि दानय्या समुद्रावर होता. परत येऊन बघतो तर बापाची होडी दुसऱ्याच्या दारात उभी. त्या दिवसापासून त्यानं आईला हाक मारली नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीकडं बघून म्हणायचा, "नळाला पाणी आलंय, ज्यांना भरायचं त्यांनी भरा." भिंत कुठली पाणी भरणार! पैडम्माच हंडा घेऊन धावायची. मात्र रोज किनाऱ्यावरून आला की तिच्या वाट्याची मासळी पानात बांधून तिच्या उंबऱ्यावर ठेवायचा, आणि पाठ फिरवायचा. मी एकदा त्याला तोंडावर म्हटलं, "दानय्या, मासा टाकतोस तसा एखादा शब्दही टाकत जा." तर तो आठ दिवस माझ्याशीही बोलला नाही.

त्याची बायको नूकरत्नम. आम्ही रत्नम म्हणतो. कमी बोलणारी, पण डोळे उघडे ठेवणारी पोर. तिनं दोघांत समेट करायचा खूप प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला.

दिवाळी होऊन गेली होती. आम्ही बायका-पुरुष वाळूवर जाळी पसरून तुफानात फाटलेलं शिवत बसलो होतो. दुपारच्या वेळी एक माणूस चालत आला. वाळलेला, दाढी वाढलेली, पायात काही नाही, कमरेला मळकी लुंगी. गावचा पेद्दा पोलाराव, म्हणजे आमच्यातला थोरला, ज्याच्या शब्दावर न्यायनिवाडा चालतो, त्यानं विचारलं, "कुठला रे बाबू?"

"किनाऱ्याच्या वरच्या अंगाच्या गावचा," तो म्हणाला. "गुरुवुलू म्हणतात मला. समुद्रातून आलोय. तिकडं कोंडून ठेवलं होतं. तुमची पाच माणसं तिथंच आहेत." एवढं बोलून तो मटकन खाली बसला.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याला धरून सगळं विचारायचं होतं. कोण, कुठं, कसे आहेत. तेच आम्हाला करता येत नाही. समुद्रानं परत दिलेल्या माणसानं आपल्या गावच्या गंगम्मा देवीला कोंबडं वाहीपर्यंत त्याला समुद्रातलं काही विचारायचं नसतं. विचारलं की समुद्राला आठवण होते आणि तो आपलं परत मागतो. अशा माणसाला आंघोळ घालायची, जेवू घालायचं, नवं वस्त्र द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. तो आपणहून देईल तेवढाच शब्द घ्यायचा. माझ्या नवऱ्याचा काका असा परतला होता, तेव्हा त्याच्या बायकोनंसुद्धा कोंबडं वाहून होईपर्यंत तोंड मिटून ठेवलं होतं. भामट्याला याहून सोयीचं गाव कुठं मिळणार? त्याला काही माहीत असायची गरजच नव्हती.

पोलारावनं जेवायला हाक मारली तसा तो उठला आणि मधे पसरलेलं जाळं सरळ ओलांडून आला.

जाळं आमच्यात कुणी ओलांडत नाही. पोर चालायला लागलं की पहिली चापटी यासाठीच खातं. काठ उचलून खालून जायचं, नाहीतर वळसा घालायचा. मी बघितलं. समोर रत्नम बसली होती, तिच्या हातातली सुई थांबली, म्हणजे तिनंही बघितलं. बाकीच्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडं होते.

जेवल्यावर त्यानं एकेका घराला एकेक वाक्य दिलं. जणू खिरापत वाटतोय. एकाच्या बापाला म्हणाला, पायाला लागलं होतं, आता चालतोय. एकाच्या बायकोला म्हणाला, रडतो, पण खातो. पैडम्मा मागं उभी होती. तिला काही मिळेल असं तिला वाटतच नव्हतं, ती रत्नमला पुढं ढकलत होती. तर हा तिच्याकडंच वळला.

"दानय्याची आई ना? तो रोज एकच विचारतो. अम्मा जेवली असेल का?"

पैडम्मानं खांब धरला. "कोण? दानय्या विचारतो?"

"रोज."

"अम्मा म्हणतो?"

"अम्माच म्हणतो."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग घराघरांत जाऊन सांगून आली. ज्यांनी स्वतः कानांनी ऐकलं होतं त्यांनाही सांगितलं.

संध्याकाळी नळावर रत्नम हळूच म्हणाली, "अक्का, हा माणूस खोटा आहे."

"जाळ्यामुळं म्हणतेस ना? मीही बघितलं."

"जाळं राहू द्या. आमचे हे अत्तांचं नाव काढणार नाहीत. मला माहीत आहे ना त्यांचा हट्ट." सासूला ती अत्ता म्हणते. तिनं हंडा उचलला आणि परत खाली ठेवला. "माझं काही विचारलं असतं तर मीही फसले असते."

"मग सासूला सांग."

"मी सांगू? त्या म्हणतील, सून जळते. तुम्ही सांगा. तुम्ही सगळ्यांना सगळं सांगता."

मी गेले. पैडम्मा त्याच्यासाठी मासे तळत होती आणि चक्क गुणगुणत होती. मी म्हटलं, "पैडम्मा, हा दर्याचा माणूस नव्हे. जाळं ओलांडून आला तो."

"तुरुंगात राहून आलाय. भान असतं का?"

"आणि दानय्या तुझं जेवण विचारतो? भिंतीशी बोलणारा दानय्या?"

तिनं झारा माझ्याकडं रोखला. "दोन वर्षांनी माझं पोर मला अम्मा म्हणालं, एर्रम्मा. त्यातही तुला सडकी वाकटीच दिसते ना? तुला पोर नाही, तुला काय कळणार? जा इथनं."

मला लागलं. फार लागलं. मी परत आले आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस पाहुणचार घेऊन तो निघाला. आपल्या गावी गंगम्माला कोंबडं वाहतो, मग येऊन सगळं सविस्तर सांगतो, म्हणाला. तिकडच्या शिपायांचे हात ओले केले तर पाचही जण संक्रांतीला घरी येतील, असंही जाता जाता सुचवलं. पाचही घरांनी होतं नव्हतं ते दिलं. पैडम्मानं कानातली फुलं काढून दिली, वर दानय्याचा सणाचा शर्ट दिला. निळ्या चौकड्यांचा. त्याचं एक बटण हरवलं होतं, तिथं रत्नमनं आपल्या लहान लेकीच्या फ्रॉकचं लाल बटण लावलं होतं. "त्याला म्हणावं, अम्मानं पाठवलाय," पैडम्मा म्हणाली. रत्नम त्या शर्टाकडं बघत राहिली.

पुढं काय झालं ते सांगायला नकोच. तो आला नाही. पोलारावनं त्या वरच्या गावात फोन केला, तर तिथं गुरुवुलू नावाचा कुणी समुद्रातून आलेला नव्हता आणि समुद्रात गेलेलाही नव्हता. गावानं दोन दिवस त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग हळूहळू चार घरं मनानं तयार झाली. आता क्रिया करून टाकू म्हणाली. प्रेत नसलं की आम्ही गवताचा माणूस करतो, त्याला घरातला कपडा घालतो, आईनं किंवा बायकोनं भाताचा घास दाखवायचा आणि होडीतून नेऊन समुद्राला द्यायचा. क्रिया झाल्याशिवाय मेलेला सुटत नाही आणि मागं राहिलेलेही सुटत नाहीत. रत्नम ना धड सवाशीण, ना विधवा. हळदीकुंकवाला कुणी बोलवेना, मदतीच्या कचेरीत कुणी उभं करेना.

पण पैडम्मा ऐकेना. "कोंबड्याची सोय झाली नसेल त्याची," म्हणायची. "कुठं आजारी पडला असेल." पोलारावनं समजावलं, पाचही एका होडीतून गेले, एकाच होडीतून त्यांना द्यायला हवं, एकट्या दानय्याला मागं कसं ठेवणार? तर त्यालाच म्हणाली, "माझा मुलगा तिकडं रोज माझं जेवण विचारतोय, आणि मी त्याला गवताचा करून बुडवू?" रोज दुपारी ती दोन पानं वाढायची. एक स्वतःचं, एक त्याचं. आधी त्याचं पान दारच्या कुत्र्याला घालायची, मग आपण जेवायची. रत्नम पलीकडच्या चुलीपाशी बसून हे बघायची. एकदा मला म्हणाली, "अक्का, नवरा गेला त्याचं रडायचं राहूनच गेलंय. घरात रडले तर अत्ता अंगावर येतात." चार घरं पैडम्मासाठी खोळंबली होती आणि आता त्यांच्या तोंडून वेडंवाकडं निघायला लागलं होतं.

संक्रांतीच्या आधी मी सुकी मासळी घेऊन खालच्या अंगाच्या एका गावच्या बाजाराला गेले. तिथलीही एक होडी त्या तुफानात गेली होती. बाजार वाळूला लागूनच भरतो. चिंचेखाली बायकांचा घोळका दिसला. मला वाटलं बांगड्यावाला असेल. जवळ जाऊन बघते तर मधे हा बसलेला, आंबील पितोय, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट आणि त्यावर लाल बटण. एक म्हातारी त्याला वारा घालत होती.

माझं रक्त असं तापलं की टोपली डोक्यावरून कधी उतरवली ते मला कळलं नाही. तरी जीभ आवरली. ओरडले असते तर त्याच बायकांनी मला हाकलली असती. समुद्रातून आलेल्याला कुणी टोचतंय म्हणून. आमच्या गावात त्यानं माझं तोंड कधी नीट बघितलं नव्हतं, तरी मी पदर कपाळावर ओढला आणि आवाज गोड केला.

"बाबू, अंगात कणकण असेल. माझ्याकडं चांगली सुकट आहे, देते भाजायला. ये, घेऊन जा."

मधे एका घरचं जाळं वाळत पसरलेलं होतं. तो उठला, वाडगा हातात घेऊन सरळ जाळ्यावरून पाय टाकत आला. जाळ्याच्या मधोमध तर एक पाय दोरीत अडकला, तो त्यानं झटकून सोडवला.

वारा घालणाऱ्या म्हातारीचा हात वरच्या वर राहिला. जाळं शिवत बसलेला एक जण उठला आणि फक्त एवढंच म्हणाला, "ओरेय, कुणाचा तू?"

मग मात्र मी तोंड सोडलं, आणि ते सोडायला मला कुणाची मदत लागत नाही.

चार तडाख्यांत सगळं बाहेर आलं. तो बर्फाच्या कारखान्यात हमाल होता. गावोगाव होड्यांना बर्फ टाकायला जायचा, त्यामुळं आमच्या रीती ऐकून माहीत होत्या, पण जाळ्यापर्यंत त्याचं काम कधी आलं नव्हतं. नावं फ्लेक्सवरून घेतली होती. समुद्रात तो गुडघ्याच्या वर कधी उतरलेला नव्हता. त्या गावच्या लोकांनी त्याला चिंचेला बांधलं आणि पोलिसांना कळवलं. मी पोलारावला फोन केला.

पोलिसांच्या आधी आमच्या गावची रिक्षा आली. पोलाराव उतरला, रत्नम उतरली, आणि मागून पैडम्मा. तिला आणू नका असं मी बजावलं होतं. पण ती रिक्षापुढं आडवी उभी राहिली म्हणे.

ती त्याच्याजवळ गेली. लोकांना वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं त्याच्या तोंडावरचं रक्त पदरानं पुसलं आणि विचारलं, "बाबू, बाकी सगळं खोटं असू दे. फुलं ठेव, मला नकोत. ते एक सांग. अम्मा जेवली का, असं तो विचारत होता, ते खरं ना?"

त्यानं मान वर केली. मला वाटलं, हा आता हो म्हणेल. त्याला काय, एक खोटं जास्त. पण मार खाऊन त्याच्या अंगात खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"अम्मा, मी सगळ्या आयांना तेच सांगतो," तो म्हणाला.

पैडम्मा तिथंच वाळूत बसली. मघाची वारा घालणारी म्हातारी तोंडाला पदर लावून रडायला लागली, तिलाही तेच मिळालं होतं. रत्नमनं त्याच्या अंगातला शर्ट काढून घेतला, झटकला आणि घडी करून काखेत धरला. पैडम्मा दुपारी जेवली नाही, रात्रीही नाही.

सकाळी पोलारावनं निरोप पाठवला, आज क्रिया. पैडम्मा नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. वाळूवर पाच गवताचे पुरुष मांडले होते. चौघांना कपडे चढले, घास दाखवून झाले. पाचवा उघडाच पडला होता आणि पैडम्मा शर्ट छातीशी धरून उभी. कुणी ओढून घ्यायला धजेना.

"त्याचा राग गेलाच नाही," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे. "राग घेऊनच गेला. असा कसा सोडू त्याला?"

रत्नम पुढं झाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता.

"अत्ता, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी होडीत पाय ठेवताना ते मला म्हणाले, अम्माला सांग, माझ्यासाठी थांबू नको, वेळेवर जेवून घे. मला तेव्हा राग आला. दोन वर्षांनी बोलायचं तर तोंडानं बोलावं, म्हणून मी सांगितलं नाही."

पैडम्मा तिच्याकडं बघत राहिली. काल ताजाच पोळलेला जीव, तो असा पटकन कसा विश्वास ठेवील!

"भिंतीकडं बघून म्हणाला?"

"वाळूवर कुठली भिंत, अत्ता? माझ्याकडं बघून म्हणाले."

पैडम्मानं गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. "एर्रम्मा. तू होतीस ना त्या दिवशी होडी ढकलायला? तू खोटं बोलत नाहीस. म्हणाला तो असं?"

मी होते. होडीला खांदा लावून त्याच्या अगदी जवळ होते. दानय्या त्या दिवशी एवढंच म्हणाला होता, की दोर लवकर सोडा, ऊन चढतंय. रत्नमकडं त्यानं धड बघितलंही नव्हतं.

"म्हणाला," मी म्हटलं. "मी ऐकलं. अम्मा म्हणाला."

माझा आवाज कापला नाही. मलाच नवल वाटलं.

पैडम्मानं मान हलवली. खाली बसून तिनं गवताच्या अंगात शर्ट घातला, एकेक बटण लावलं, लाल बटणावर अंगठा जरा जास्त वेळ ठेवला. मग भाताचा घास करून त्याच्या तोंडाशी नेला.

"मी जेवले रे बाबू," ती म्हणाली. "पोटभर जेवले. तू जा आता."